कारखान्यातला जोड ऑनलाइन विकायचा तर: कोल्हापुरी चपलेच्या धंद्यातून शिकलेली पद्धत

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं गेलं नाही. त्या आठवड्यात माझा फोन सारखा वाजत होता. आमच्याच धंद्यातली पोरं विचारत होती, "ताई, आपण थेट ऑनलाइन विकायचं तर सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगितलं. आता सगळं एका जागी लिहिते.

आमचं घर कोल्हापूरचं, धंदा चपलेचा. आबा तळ कापतात, आई वेण्या घालते, शिवायला दोघं कारागीर आहेत. ऑनलाइनचं काम माझ्याकडे. खाली चपलेचीच उदाहरणं येतील, पण तुमचा कारखाना पितळेच्या भांड्यांचा असो, मसाल्याचा असो की लाकडी खेळण्यांचा, क्रम हाच ठेवा. बहुतेक जण आधी ॲप उघडतात, खातं काढतात आणि मग माल शोधतात. आम्हीही तसंच केलं आणि पहिले तीन महिने तोटा सोसला. चूक फोनमध्ये नव्हती. मापात, हिशोबात आणि खोक्यात होती.

पहिलं काम: चाळीस डिझाइनमधून पाच निवडा

आमच्याकडे कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाली असे नाना प्रकार होतात, आणि प्रत्येकात गोंडा, रंग, वेणीचा फरक. दुकानात गिऱ्हाईक समोर असतं, दहा जोड काढून दाखवता येतात. ऑनलाइन मात्र फोटोत दिसला अगदी तसाच जोड पुढच्या महिन्यातही देता आला पाहिजे. म्हणून निवडताना "सगळ्यात सुंदर कोणता" हे बघू नका. असा माल घ्या जो तुमचे दोन वेगवेगळे कारागीर सारखाच करतात, ज्याचं कातडं बारा महिने मिळतं आणि ज्याचा एक जोड नासला तर आठवड्यात दुसरा उभा राहतो.

निवडलेल्या प्रत्येक मालाला कोड द्या. आम्ही "काप-तप-८" असं लिहितो: कापशी, तपकिरी, आठ नंबर. हाच कोड खोक्यावर, वहीत आणि वेबसाइटवर. कोड नव्हता तेव्हा आईने "तो लाल गोंड्याचा" म्हणून दिलेला जोड मी "लाल पट्ट्याचा" समजून नाशिकला पाठवला होता.

माप: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

चप्पल परत येण्याचं मोठं कारण माप हेच आहे. आमच्या फर्म्यावरचा (चपलेच्या साच्यावरचा) आठ नंबर आणि बुटांच्या कंपनीचा आठ नंबर एक नाही. शेजारच्या कारखान्याचा आठ आणखी तिसराच. कंपनीच्या बुटाचा नंबर सांगून मागवणाऱ्याला आमचा आठ घट्ट झाला तर दोष त्याचा नव्हे.

आम्ही काय केलं ते सांगते. गल्लीतल्या तीसेक लोकांचे पाय कागदावर काढून घेतले. माणूस उभा, टाच भिंतीला टेकवलेली, पायाखाली कागद, पेन अगदी सरळ धरलेलं. पेन आत झुकलं की पाऊण सेंटिमीटर कमी भरतं, म्हणून हे काम आबांनीच केलं. मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजलं आणि त्या माणसाला आमच्यातला कोणता नंबर नीट बसतो ते घालून पाहिलं. त्यावरून तक्ता बनवला: पायाची लांबी इतकी, तर आमचा नंबर हा. आता वेबसाइटवर नंबराआधी हा तक्ता दिसतो, आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली की मी आधी पायाच्या आकाराचा फोटो मागते, शेजारी पट्टी ठेवून काढलेला.

लांबीबरोबर अंगठ्याचंही लिहा. नव्या कोल्हापुरीचा अंगठा पहिले काही दिवस आवळतो आणि मग कातडं सैलावतं. हे जन्मापासून कोल्हापुरी घालणाऱ्याला माहीत असतं, बंगळुरूत पहिल्यांदा घेणाऱ्याला नसतं. ते वर्णनात लिहिलं नाही की "घट्ट आहे" म्हणून जोड परत येतो.

आमच्याकडे परत आलेलं पहिलं पार्सल मला अजून आठवतं. खोकं उघडलं तर जोड कोराच होता. कारणाच्या रकान्यात होतं: "चालताना आवाज येतो, माल सदोष." आबा कितीतरी वेळ तो जोड हातात धरून बसले. तळाच्या दोन थरांमध्ये 'विंचू' म्हणतात तो आवाज करणारा भाग बसवून चप्पल वाजती करणं ही आमच्याकडची जुनी कला. ते एवढंच म्हणाले, "अगं, वाजती म्हणून तर मानसं घेत्यात." दोघांचंही बरोबर होतं. त्या रात्री मी वर्णनात पहिली ओळ घातली: ही चप्पल चालताना करकर वाजते, तो आवाज मुद्दाम दिलेला आहे. सोबत वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, आबा फरशीवरून चालताहेत असा. त्यानंतर आवाजासाठी एकही जोड परत आला नाही, उलट "वाजणारीच द्या" म्हणून ऑर्डरी येऊ लागल्या. तुमच्या मालातही अशी गोष्ट असेल जी तुम्हाला गुण वाटते आणि नवख्याला दोष. ती शोधून सगळ्यात वर लिहा.

तशीच दुसरी ओळ पावसाची. बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं कातडं पाणी पितं. "पावसात वापरू नये, भिजली तर सावलीत वाळवावी" हे स्पष्ट लिहिल्याने विक्री कमी होत नाही.

एका जोडाचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला.

समजा जोड १,४९९ रुपयांना विकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महागावर १८ टक्के. म्हणजे १,४९९ मधले साधारण ७१ रुपये कराचे आणि तुमचे १,४२८. त्यातून जोड बनवायचा खर्च धरा ७००, यात घरच्या माणसांची मजुरीही आली. आई वेण्या घालते ते फुकट धरलं तर हिशोब पहिल्या ओळीतच खोटा होतो. खोकं, कागद, लेबल ४५. कुरियर ९०. मार्केटप्लेसचं (ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या विक्रीच्या साइटचं) कमिशन आणि इतर शुल्क मिळून विक्रीच्या १८ टक्के धरलं तर २७०.

आता परतीचा खर्च. दहा ऑर्डरींपैकी दोन परत आल्या असं धरू. प्रत्येक परतीला जायचं भाडं ९०, यायचं ९०, नवं खोकं आणि पॉलिशचे ४०, असे २२० गेले. दोघांचे ४४०. ते विकल्या गेलेल्या आठ जोडांवर वाटले की जोडामागे ५५. सगळा खर्च झाला १,१६०, हातात राहिले २६८. परती दहातल्या चार झाल्या तर तोच आकडा १७६ वर येतो, आणि जाहिरातीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

हाच जोड घाऊक व्यापारी रोखीने ८५० ला नेत असेल तर तिथे १५० सुटतात, कुठलीही कटकट न होता. म्हणून व्यापाऱ्याशी संबंध तोडून ऑनलाइन जाऊ नका. आमचा निम्म्याहून जास्त माल आजही त्यांच्याकडेच जातो.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) करा. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. तिचा एक फायदा पुष्कळांना माहीत नसतो: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे आणि थकवले तर सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ऑनलाइन ओळख झालेला परगावचा घाऊक खरेदीदार टाळाटाळ करू लागला की हे कामी येतं.

जीएसटीचं नीट समजून घ्या. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण मार्केटप्लेसवर विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली: या मर्यादेच्या आतला विक्रेता जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन मार्केटप्लेसवरून आपल्या राज्यापुरतं विकू शकतो. कंपोझिशनवाल्यांनाही (उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही) तेव्हापासून राज्यातल्या राज्यात परवानगी मिळाली. आमच्यासारख्या सीमेवरच्यांना याने फार साधत नाही, कारण निपाणी-बेळगाव हाकेच्या अंतरावर असलं तरी ते दुसरं राज्य झालं. राज्याबाहेर विकायचं ठरलं की नियमित नोंदणीच घ्या. त्यामुळे कमिशनवर आणि कुरियरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळतं, म्हणजे तेवढा कर आपल्या करातून वजा होतो.

मार्केटप्लेस तुमच्या पैशातून जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर) कापतं, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. प्राप्तिकराचा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के झाला. हे पैसे तुमचेच असतात. टीसीएस जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारला की तिथल्या तुमच्या रोख खात्यात जमा होतो. आमचा वर्षभर तिथेच पडून होता, कारण तो स्वीकारावा लागतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि नावाचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव) मिळालं. ते आठ जिल्ह्यांपुरतं आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर या दोघांच्या नावे ती नोंद आहे, पण प्रत्येक कारागीर स्वतः "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंदवू शकतो. ही नोंद जरूर करा. ऑनलाइन रेक्झिनची चप्पलही "कोल्हापुरी" म्हणून दोनशे-तीनशेला मिळते. तिच्या शेजारी आपला १,४९९ चा जोड का, याचं उत्तर गिऱ्हाईकाला फोटोबरोबर मानांकनाने द्यावं लागतं.

फोटो

मोठा कॅमेरा नको. दारात, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन नसलेल्या जागी पांढरा कार्डशीट वाकवून ठेवा आणि फोनने काढा. वरून, बाजूने, तळाचा, शिवणीचा अगदी जवळून आणि पायात घातलेला, एवढे पाच पुरेत. शिवणीचा फोटो विसरू नका. कातड्याच्या वादीने, खिळा न मारता शिवलेलं तिथेच कळतं. फिल्टर लावू नका. तपकिरी रंग लालसर दिसला तर जोड परत येतोच.

कुठे विकायचं, कोणत्या क्रमाने

आधी व्हॉट्सॲप बिझनेस. कॅटलॉगमध्ये पाच माल टाका, भाव लिहा, पैसे यूपीआयने घ्या. इथे कमिशन नाही आणि मुख्य म्हणजे लोक काय विचारतात ते कळतं. पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांचे प्रश्न वहीत उतरवा, त्यातूनच पुढे मार्केटप्लेसवरचं वर्णन तयार होतं. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "पावसात चालेल का?"

दोन-तीन महिन्यांनी एकच मार्केटप्लेस घ्या. ॲमेझॉनवर कारीगर आणि फ्लिपकार्टवर समर्थ असे कारागिरांसाठीचे कार्यक्रम आहेत, मीशो कमिशन घेत नाही. पण कमिशन शून्य म्हणून खर्च शून्य नव्हे. तिथलं गिऱ्हाईक कोणत्या भावाचं आहे ते बघा. जिथे तीनशे-चारशेचा माल खपतो तिथे हाताने शिवलेला जोड ठेवून रोज वाट बघण्यात अर्थ नाही.

ओएनडीसीबद्दल लोकांचा गोंधळ असतो. ते ॲप नाही, सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं जाळं आहे. तुम्ही एका विक्रेता ॲपवर माल चढवता आणि तो त्या जाळ्यातल्या वेगवेगळ्या खरेदी ॲपवर दिसतो. लहान उद्योगांना त्यावर आणण्यासाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची टीम नावाची योजना आहे, तिची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा.

स्वतःची वेबसाइट शेवटी. ती बनवणं सोपं असतं, तिच्यावर माणसं आणणं महाग. जुनी गिऱ्हाइकं नाव शोधत परत येऊ लागली की मगच तिच्यावर खर्च करा.

कॅश ऑन डिलिव्हरी पूर्ण बंद करणं मार्केटप्लेसवर सहसा जमत नाही, पण तुमच्या थेट ऑर्डरींना आगाऊ पैसेच घ्या. आम्ही आगाऊ देणाऱ्याला ५० रुपये कमी करतो. दारात पार्सल नाकारलं गेलं की दोन्ही बाजूंचं भाडं आपल्या अंगावर येतं, त्यापेक्षा पन्नास रुपये परवडतात.

एक सावधगिरी. "लष्करी कॅम्पसाठी दोनशे जोड हवेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे ॲडव्हान्स येईल" असे फोन लहान कारखानदारांना हमखास येतात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. आबांच्या फोनमागे मी हे वाक्य कागदावर लिहून चिकटवलंय. फसलात तर ताबडतोब १९३० ला फोन करा, पहिला तास महत्त्वाचा.

खोकं आणि लेबल

कुरियरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात आणि खरं वजन व हे, यातलं जास्त असेल ते लावतात. आमचं जुनं खोकं ३२ बाय २० बाय ११ होतं, म्हणजे १.४ किलो, भाडं दीड किलोचं. आत जोड मात्र पाऊण किलोचा. एक चप्पल सुलटी, एक उलटी अशी पट्टे एकमेकांत बसवून ठेवली तर ३० बाय १६ बाय ९ मध्ये मावते हे आईने दाखवलं. ते भरतं ०.८६ किलो, भाडं एक किलोचं. खोक्याचा नवा साचा करायला आलेला खर्च त्यातून महिन्या-दोन महिन्यांत निघाला.

जोड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. कोल्हापूरच्या जुलैत कातडं दमट हवा शोषतं आणि बंद पिशवीत चार दिवसांत पांढरी बुरशी धरते. कोरा न्यूजप्रिंट आणि सिलिका जेलची पुडी टाका. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या कातड्याला लागते.

खोक्यावर वजनमापे कायद्याप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, मालाचं नाव, नग (एक जोड), माप, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवं. ऑनलाइन पानावरही यातला बहुतेक मजकूर दाखवावा लागतो. हे सगळं एका स्टिकरमध्ये बसतं.

रोजचं काम

एक माणूस, ठरलेली वेळ. मी सकाळी दहा ते अकरा ऑर्डरी काढते आणि चारपर्यंत पार्सलं तयार ठेवते. तयार माल आणि "ऑर्डरवर बनवून" यांची सरमिसळ करू नका. कपाटात जोड असेल तरच साठा दाखवा, आणि त्यातलाही एक हातचा राखून. व्यापाऱ्याने सकाळी सहा जोड उचलले आणि मी साठा कमी करायला विसरले, तर संध्याकाळी रद्द कराव्या लागणाऱ्या ऑर्डरींनी खात्याचं मानांकन घसरतं. ते वर यायला महिने लागतात. त्यासाठी कपाटाच्या दारावर कोडांचा कागद लावलाय. जो जोड काढेल त्याने रेघ मारायची, आबांनीसुद्धा.

प्रत्येक पार्सल बंद करताना फोनवर व्हिडिओ घ्या, परत आलेलं उघडतानाही. परतीत आमच्याकडे एकदा घासलेली, दुसऱ्याच कारखान्याची चप्पल आली होती. उघडतानाचा व्हिडिओ होता म्हणून भरपाई मिळाली. दावा करायची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून परतीची खोकी कोपऱ्यात साठवू नका.

महिन्यातून एकदा मार्केटप्लेसकडून येणारं हिशोबाचं पत्रक घेऊन बसा आणि प्रत्येक ऑर्डरपुढे मिळालेले पैसे लिहा. कुरियरने वजन जास्त लावलेलं इथेच सापडतं. खोक्याचा वजनकाट्यावरचा आणि मोजपट्टीसकटचा फोटो जपून ठेवला असेल तर जादा कापलेले पैसे परत मागता येतात.

परदेशी ऑर्डर

गणपती आणि दिवाळीच्या आधी अमेरिका, इंग्लंड, दुबईतल्या मराठी मंडळींकडून विचारणा येतेच. त्यासाठी डीजीएफटीकडून (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयात-निर्यात कोड काढा, शुल्क ५०० रुपये. जीएसटी न भरता पाठवायचं तर जीएसटी पोर्टलवर लेटर ऑफ अंडरटेकिंग (हमीपत्र) दर आर्थिक वर्षी भरावं लागतं. एक-दोन जोडांसाठी पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र सोयीचं. तिथे पोस्टाचं निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं. निर्यातीच्या कागदावर लिहायचा चपलेचा कोड (एचएस कोड) शोधताना ६४०३२० बघा. कातडी तळ, पायावरून आडवा कातडी पट्टा आणि अंगठ्याभोवती पट्टा, असं शब्दशः आपल्याच चपलेचं वर्णन त्या कोडात आहे.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्यामुळे तिकडचा कर कोण भरणार हे ऑर्डर घेण्याआधीच लेखी ठरवा, नाहीतर गिऱ्हाईक पार्सल सोडवत नाही आणि ते परत आणण्याचं भाडं जोडाच्या किमतीहून जास्त होतं. परदेशी जोडाला परती-बदली मी ठेवतच नाही. त्याऐवजी दोन्ही पायांचे आकार मागते, पट्टी शेजारी ठेवून. आबा ते खऱ्या मापात छापून घेतात, त्यावर तळ ठेवून बघतात आणि बसला तरच मला खोकं बांधू देतात.